अकराव्या तुकड्याचा संशय

'अतिज्वालाग्राही' या चित्रपटाचं पार्श्वसंगीत चित्रपटाच्या आधी तयार झालं, आणि त्याच्या अकराव्या तुकड्यात संगीताला कोणाचा तरी संशय येत होता. कोणाचा, ते संगीत सांगत नव्हतं.

संगीत आधी तयार होण्यात वावगं काही नव्हतं. संगीतकार हेमंत कारखानीस यांच्या तारखा उन्हाळ्यात मिळत होत्या आणि नायकाच्या दिवाळीनंतर. निर्माते आणि दिग्दर्शक जयपाल मगदूम हे मूळचे इचलकरंजीचे यंत्रमागवाले. आलेलं सूत पडून राहू द्यायचं नाही, ही त्यांची सवय. त्यांनी संगीत करून घेतलं आणि चित्रपट त्याच्या मापानं विणायचं ठरवलं. दिवाळीनंतर संगीत तीन बसमधून कोल्हापुरात आलं. चेलो आणि डबल बास यांना खिडकीजवळच्या जागा दिल्या होत्या. वादक उरलेल्या जागी बसले.

शहराबाहेरच्या एका बंद सूतगिरणीत चित्रीकरण सुरू झालं. एका बाजूला वाद्यवृंद, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. संगीत पुढे जाई आणि कथा मागून येई. दुसऱ्या तुकड्यात व्हायोलिनं पळू लागली म्हणून नायक पळाला. चौथ्या तुकड्यात नगारे दोनदा कडाडले, म्हणून एकच शेड उडवायची ठरली होती तिथे दोन उडवल्या. मगदूम खूश होते.

"लेखकापेक्षा हे बरं," ते म्हणत. "लेखक भांडतो."

अकराव्या तुकड्याला काम अडलं. त्यात चेलो खालच्या पट्टीत दोन पावलं पुढे येत, थांबत, पुन्हा येत. त्यांच्या मागे डबल बास दाराला कान लावून उभा असल्यासारखा वाजे. तो संशय होता, याबद्दल दुमत नव्हतं. वाजवताना वादकांनाही शेजाऱ्याकडे तिरप्या नजरेनं बघावंसं वाटे. बारावा तुकडा त्याहून स्पष्ट होता. नगाऱ्याचा एकच ठोका, मग एक लांबलेलं व्हायोलिन, आणि मध्यंतर. म्हणजे अकराव्यात ज्याच्यावर संशय येईल तो फितूर ठरणार आणि बाराव्यात मरणार. पण कथेत फितूर कोणी नव्हताच. लेखकाला विचारलं, तर माझ्या पात्रांपैकी कोणी तसं नाही, घरी येऊन बघा, असं त्यानं सांगितलं.

अकरावा तुकडा गाळून पाहिला. दुसऱ्या दिवशी संशय नायकाच्या बहिणीच्या लग्नातल्या सनईत निघाला, आणि वऱ्हाडी मंडळी नवऱ्या मुलाकडे बघू लागली. एका टेबलावरचा संशय हलवला की तो सगळ्या कचेरीत पसरतो. मगदूम यांनी तुकडा मुकाट्यानं जागेवर ठेवला आणि मला बोलावलं.

मी हेर्लेकर. एका सरकारी कचेरीच्या चौकशी शाखेतून कारकून म्हणून निवृत्त झालो.

"पोलिसांकडे का गेला नाहीत?" मी विचारलं.

"पोलीस गुन्हा झाल्यावर येत्यात," मगदूम म्हणाले. "आपल्याकडं अजून नुसता संशय हाय. त्याला कचेरीतलाच माणूस लागतो."

मी कारखानीसांकडे वळलो. "अकरावा तुकडा तुम्हीच लिहिलात ना?"

"मीच."

"मग संशय कोणावर आहे, ते तुम्हाला ठाऊक असेल."

"मला कसं असणार? लिहिताना माझ्यासमोर माणसं नव्हती."

हे मला पटलं. बहुतेक गोपनीय अहवाल असेच लिहिले जातात. माझ्या नोकरीत संशय नेहमी आधी आला आणि माणूस नंतर सापडला. तेव्हा पद्धत ठरलेलीच होती. मी ओळख परेड घ्यायचं ठरवलं. चित्रपटातल्या प्रत्येक पात्रानं वेशभूषेसह वाद्यवृंदासमोरून जायचं, वाद्यवृंदानं अकरावा तुकडा वाजवायचा, आणि चेलो कोणासमोर अडखळत नाहीत ते बघायचं. चौकशीच्या कक्षेतून कोणालाही वगळता येणार नाही, असं कलम मी घातलं. मगदूम यांनी न वाचता मान्य केलं.

नायक पहिला गेला. चेलो लगेच गप्प झाले आणि ट्रम्पेटं आपणहून उभी राहिली. संशय न घेतल्याबद्दल नायकानं वाद्यवृंदाला नमस्कार केला, पण तो जरा हिरमुसलेला दिसला. संशयाच्या प्रसंगात कॅमेरा बराच वेळ चेहऱ्याजवळ राहतो. नायिका गेली, तिच्याकडे संगीतानं लक्ष दिलं नाही. खलनायक गेला तेव्हाही चेलो वाजले नाहीत. संगीताला त्याचा संशय नव्हता, खात्री होती.

मग हवालदाराच्या वेशात आनंदा ढोणुक्षे आले. साठीकडे झुकलेले, सडपातळ, खांद्यावर पंचा. ते वाद्यवृंदासमोर पोचले आणि चेलोंनी अकरावा तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुठेही न अडखळता वाजवला. ढोणुक्षे तो संपेपर्यंत उभे राहिले, कारण मध्येच निघून जाणं बरं दिसलं नसतं.

"माझं काय चुकलं?" त्यांनी विचारलं.

संगीतानं तुकडा पुन्हा वाजवला.

ढोणुक्षे यांना कोल्हापुरात सगळे ओळखत. ते गावातल्या आणि बाहेरच्या पुष्कळ चित्रपटांत होते आणि प्रत्येकात मध्यंतराच्या आधी मेले होते. कधी गोळीनं, कधी सुऱ्यानं, एकदा लिफ्टमध्ये. 'अतिज्वालाग्राही'मध्ये ते प्रथमच शेवटपर्यंत जगणार होते. तसं कथेत लिहिलं होतं, आणि ते कथेच्या लेखकाला भेटून त्याच्या पाया पडून आले होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन त्यांच्या पत्नी हौसाबाई गिरणीत आल्या. डबा त्यांनी नवऱ्याला दिला नाही, माझ्या टेबलावर आपटला.

"संशय घेणारं कोण ते दावा मला."

मी चेलोंकडे बोट केलं. त्या तिकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळ्यांना खालीवर न्याहाळलं.

"बाई, आम्ही फक्त वाजवतो," मुख्य चेलोवादक म्हणाले. "संशय आमचा नाही."

"आमच्या गल्लीतबी समदी असंच म्हणत्यात. आमचं काय न्हाई, लोक म्हणत्यात."

मग त्या माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. त्यांच्या गल्लीचा एक रिवाज होता. ढोणुक्षे यांचा चित्रपट लागला की संध्याकाळी गल्ली पिठलं-भाकरी घेऊन त्यांच्या दारात येई. माणूस गेलेल्या घरात चूल पेटवायची नसते.

"पहिल्या बारीला मी हसले," हौसाबाई म्हणाल्या. "म्हटलं, अवो ह्ये काय हितं बसल्यात, चा पित्यात. तर म्हाताऱ्या म्हणाल्या, ते खरं गं, पर गेलं ते गेलंच. तवापास्नं प्रत्येक सिनेमाला हेच. बाया येणार, गुडघ्यात मान घालून बसणार, ह्येंच्याकडं बघून डोळं पुसणार. ह्ये त्यांच्यासंगं पिठलं खाणार. सायेब, मी जित्त्या नवऱ्याची बाई, पर माझ्या चुलीला कुणी इचारत न्हाई. यंदा समद्यांना सांगून बसलीया, ह्या सिनेमाला मी मटन करणार, समद्यांनी जेवायला या. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

"चौकशी निःपक्षपाती होईल," मी म्हणालो.

"म्हंजे ह्येंला मारणारच म्हणा की."

नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वानुसार ढोणुक्षे यांना बाजू मांडायची संधी दिली. मगदूम यांनी उलटतपासणी घेतली. चेलो ऐकायला बसले होते.

"पहिल्या रिळात तुम्ही इन्स्पेक्टर साहेबांना पाणी दिलं?" मगदूम यांनी विचारलं. इन्स्पेक्टर म्हणजे नायक.

"दिलं."

"त्यांनी मागितलं हुतं?"

"न्हाई. उन्हातनं आलं हुतं."

"म्हणजे न मागता दिलं."

मी ते लिहून घेतलं. लिहिल्यावर ते खरंच वाईट दिसत होतं.

"तिसऱ्या रिळात तुम्ही म्हणाला, 'जपून जावा, साहेब.' पुढं धोका हाय, हे तुम्हाला कसं कळलं?"

"मालक, ते बॉम्ब निकामी करायला चाललं हुतं."

चेलो हळूच दोन पावलं पुढे आले. मगदूम यांनी माझ्याकडे अर्थपूर्ण बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं, पण माझ्या बघण्यात काही अर्थ नव्हता. तो मी नोकरीत असतानाच काढून टाकला होता.

दरम्यान सूतगिरणीतलं वातावरण बिघडत गेलं. वाद्यवृंदासमोरून जायला कोणी तयार होईना. मंडळी जेवायला जाताना बॉयलरच्या मागून वळसा घालू लागली, त्यामुळे बॉयलरमागून जाणाऱ्यांवर संशय येऊ लागला. मग काही जणांनी मुद्दाम वाद्यवृंदासमोरून, हसत हसत जायला सुरुवात केली. ते तर उघडच काहीतरी लपवत होते. नायिकेनं आपल्या केशभूषाकाराला बदललं. नायकानं संवाद आधी दुसऱ्याला म्हणायला लावून, काही होत नाही ना ते पाहून, मग स्वतः म्हणायला सुरुवात केली. मगदूम मला बाजूला घेऊन म्हणाले, "कारखानीसांवर लक्ष ठेवा." अर्ध्या तासानं कारखानीस मला बाजूला घेऊन म्हणाले, "मगदूम तुम्हाला काय म्हणाले?"

शेवटी आतापर्यंत चित्रित झालेली रिळं सगळ्यांनी मिळून बघायचं ठरलं. हौसाबाईही बसल्या. पहिल्याच प्रसंगात हवालदार झालेले ढोणुक्षे पोलीस चौकीत येतात, दारातल्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवतात, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात आणि आपल्या खुर्चीला हात लावून मग बसतात.

"थांबवा," हौसाबाई म्हणाल्या. "ह्येच ते."

"काय?" मगदूम म्हणाले.

"आवं, ह्ये मरायला आल्यागत आल्यात. घरात नातवाला कधी असा हात लावला न्हाई. घरात त्येला म्हणत्यात, सरक तिकडं."

ढोणुक्षे यांनी मान खाली घातली. "सवय झालीया," ते म्हणाले. "समदे डायरेक्टर हेच शिकवत आल्यात. पहिल्या रिळापास्नं असं बघायचं, की पुन्हा बघायला मिळणार न्हाई. म्हंजे पुढं आपण मेलो की पब्लिक रडतंय. आता ह्यात मरायचं न्हाई हे ठावं हाय मला, पर डोळ्यांला कोण सांगणार?"

कारखानीस उठून उभे राहिले. "मग संगीताचं बरोबर आहे. मध्यंतराला कोणीतरी मरणार, हे फक्त संगीताला ठाऊक आहे. तेच एखाद्या हवालदारालाही ठाऊक आहे असं दिसलं, तर संगीतानं काय समजायचं?"

मी ढोणुक्षे यांना सुधारणेसाठी मुदत दिली. ही तरतूद नियमात होती आणि माझ्या आठवणीत ती प्रथमच वापरली जात होती.

जगणाऱ्या माणसासारखं वागायला ढोणुक्षे यांनी मनापासून सुरुवात केली. ते ताठ चालू लागले. चेलोंनी ते ऐकून घेतलं आणि वाजवणं चालू ठेवलं. ढोणुक्षे यांनी सूतगिरणीच्या कुंपणाशी नारळाचं रोप लावलं. पण लावून झाल्यावर त्याच्याकडे असं काही बघितलं, की डबल बाससुद्धा सामील झाला. त्यांनी मगदूम यांच्याशी पुढच्या दिवाळीबद्दल गप्पा मारून पाहिल्या. 'पुढच्या दिवाळीला' असं म्हणताना त्यांचा आवाज भरून आला आणि मगदूम यांनी त्यांना पाणी दिलं. न मागता दिलं, हे मी बघितलं, पण लिहिलं नाही.

मुदत संपत आली तेव्हा हौसाबाईंनी सूत्रं हातात घेतली. ढोणुक्षे यांच्या तोंडात पुढचे दात नव्हते. एका चित्रपटात घोड्यावरून पडून मरताना गेले होते. नवे बसवायचं ते बरीच वर्षं टाळत होते. एवढ्यात कशाला, असं म्हणत होते.

"एवढ्यात कशाला म्हंजे काय?" हौसाबाई त्यांना सगळ्यांसमोर म्हणाल्या. "किती दिवस ऱ्हायल्यात तुमचं? मरणाऱ्याला दात लागत न्हाईत, म्हणून टाळतायसा. चला."

काही दिवसांनी ढोणुक्षे नव्या दातांसह आले. तोंड मिटत नव्हतं, बोलणं शिट्टीसारखं येत होतं, आणि त्यांचा स्वभाव बदलला होता. चहा गार आहे म्हणून ते कपाळाला आठ्या घालून परत पाठवत. वाद्यवृंदासमोर ते हातात उसाचं कांडं घेऊन गेले. चेलो सुरू झाले. ढोणुक्षे यांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. ते ऊस दातानं सोलत होते, चोयट्या थुंकत होते आणि मधूनच दातावर बोट ठेवून, कुठे लागतंय ते तपासत होते. चेलो दोन पावलं पुढे आले, थांबले आणि मग पुढे आलेच नाहीत.

हौसाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "आता हाडूक कसं फोडत्यात बघा," त्या मला म्हणाल्या.

ढोणुक्षे निर्दोष ठरले. उरलेल्या सर्वांची परेड आधीच झाली होती. मी निष्कर्ष लिहिला आणि सगळ्यांना जमवून, वाद्यवृंदासमोर उभा राहून वाचायला घेतला.

"सर्व बाबींचा साकल्यानं विचार करता," मी वाचलं, "सदर चित्रपटात कोणीही संशयास्पद—"

चेलो वाजू लागले.

मी थांबलो. ते थांबले नाहीत. मी दोन पावलं डावीकडे सरकलो, तेही सरकले. अकरावा तुकडा पूर्ण वाजला, आणि मला वाटतं, इतका चांगला तो आधी कधीच वाजला नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते.

"चौकशी झाली आणि कोणीच सापडलं नाही," कारखानीस सावकाश म्हणाले. "संगीताला ते खटकलेलं दिसतंय."

"मलाबी खटकलं," मगदूम म्हणाले.

मी आक्षेप नोंदवला. मी चित्रपटातलं पात्र नव्हतो, त्यामुळे मी या चौकशीच्या कक्षेत येत नव्हतो.

"त्याला काय लागतंय?" मगदूम म्हणाले. "चौकीत एक कारकून घालू. कागद इकडचं तिकडं करणारा. तुमच्या मापाची टोपी हाय."

मी माझंच कलम काढून वाचलं. चौकशीच्या कक्षेतून कोणालाही वगळता येत नव्हतं. खरं सांगायचं, तर मलाही विचार करता संगीताचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत कोणाला तरी दोषी न धरता एकही चौकशी पूर्ण झाली नव्हती. असं काही माझ्या हाताखालच्या माणसानं केलं असतं, तर मी त्याच्यामागे काय आहे ते शोधलं असतं.

पोलीस चौकीतला फितूर कारकून म्हणून माझी नेमणूक झाली. अकराव्या तुकड्यात मी कपाट बंद करतो, चष्मा पुसतो आणि खिडकीबाहेर बघतो. चेलोंनी उरलेलं सगळं केलं. बाराव्या तुकड्यासाठी ढोणुक्षे यांनी मला दोन दिवस शिकवलं.

"पोटाला हात लावू नगा, सायेब. नवी माणसं लावत्यात. आधी मारणाऱ्याकडं बघायचं, ओळख पटल्यागत. मग पाय सोडायचं. घाई नगं. व्हायोलिन थांबतंय आपल्यासाठी."

मी चौकीच्या पायऱ्यांवर मेलो. व्हायोलिन खरंच थांबलं.

चित्रपट लागला त्या संध्याकाळी आमच्या इमारतीतली मंडळी घरी आली. ढोणुक्षे यांच्या गल्लीतला रिवाज आमच्या भागात नव्हता, पण चित्रपटात गेलेलं आमच्या इमारतीतही आधी कोणी नव्हतं, त्यामुळे लोकांनी तोच धरला. पिठलं आलं, भाकरी आली. सुनेनं ती घेतली आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा आत बसा. लोकांना अवघडल्यासारखं होतंय." मी आत बसलो. दार लोटलेलं होतं, पण ऐकू येत होतं.

"तसे स्वभावानं शांत होते," शेजारचे पुरोहित मास्तर म्हणाले.

"शांतच होते," खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या. "आता कळलं का ते."

"सोसायटीचे हिशेब त्यांनीच तपासले होते ना?"

"तपासले होते. काही सापडलं नाही म्हणाले होते."



मंडळी गेल्यावर ढोणुक्षे आणि हौसाबाई आले. हौसाबाईंनी नवी जरीकाठी नऊवारी नेसली होती आणि त्यांच्या हातांना मसाल्याचा वास येत होता. जेवायला गल्ली लोटली होती, असं त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्या रश्शाला नावं ठेवून गेल्या होत्या आणि हौसाबाईंना त्याचा फार आनंद झाला होता. ढोणुक्षे मात्र नव्या दातांमागे जीभ फिरवत बसले होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"मध्यंतराच्या पुढं मला काम न्हाई, सायेब," ते म्हणाले. "एवढी धडपड केली शेवटपर्यंत जगायची, पर तिथं माझ्यासाठी काय लिहिलंच नव्हतं. इन्स्पेक्टर साहेब बोलत्यात, मी मागं हुबा. पूल उडतोय, मी मागं हुबा. संगीतानं एकदाबी माझ्याकडं बघितलं न्हाई. तुमच्यावर कसं मरताना व्हायोलिन आलं. मला कायसुदिक न्हाई."

"मग?" हौसाबाई म्हणाल्या. "आमच्यावर कुठं काय वाजतंय? मी जल्मभर मागंच हुबी हाय."

ढोणुक्षे यांनी दातावर बोट ठेवलं.

"नुसतं हुबं हुतं," त्या मला म्हणाल्या. "पर पहिल्यापास्नं शेवटपर्यंत हुबं हुतं. मी दुसरीकडं कुठं बघितलंच न्हाई. पूल उडला म्हणत्यात, मला ठावं न्हाई."

सुनेनं चहा आणला. तो त्यांनी घेतला नाही, अशा घरी घेत नाहीत. थोडा वेळ बसून दोघं उठले. ढोणुक्षे यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. हौसाबाईंनी खांद्यावरून पदर घेतला. आणि अशा घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून काही न बोलता दोघं जिना उतरून गेले.